एकाच पंगतीचा प्रश्न : चार अभ्यासग्रंथांविषयी

गेल्या वर्षभरात मी चार इंग्रजी अभ्यासग्रंथ एकापाठोपाठ एक वाचले. ग्रंथालयाच्या वर्गवारीत त्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एक धर्माच्या कपाटात असतो, दुसरा राजकीय इतिहासाच्या, तिसरा शिक्षणाच्या आणि चौथा वैद्यकाच्या. तरी चौघांचीही भूमी एकच आहे, पैठणपासून पुणे-मुंबईपर्यंतचा मराठी मुलूख, आणि शेवटचे पुस्तक मिटताना मला जाणवले की चौघांच्या मुळाशी असलेला प्रश्नही एकच आहे. कोणी कोणाच्या शेजारी बसायचे, कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाचा स्पर्श चालवून घ्यायचा, हा तो प्रश्न. तो आधी पंगतीत उभा राहिला, मग शाळेच्या ओसरीवर आणि इस्पितळाच्या खाटेपाशीही. म्हणून या चार पुस्तकांविषयी वेगवेगळे न लिहिता एकत्र लिहीत आहे.

पहिले पुस्तक जॉन क्यून यांचे ‘शेअर्ड डिव्होशन, शेअर्ड फूड’, ऑक्सफर्डने 2021 मध्ये काढलेले. भक्तीने जातिभेद कमी केला का, हा आपल्याकडे शाळेच्या निबंधापासून साहित्य संमेलनाच्या व्यासपीठापर्यंत चघळला गेलेला विषय. क्यून त्याचे झटपट उत्तर देत नाहीत. हा प्रश्न ‘समता’ या ज्या शब्दात आपण आज विचारतो, तो शब्द संतांच्या काळी याच अर्थाने होता का, येथून ते सुरुवात करतात, आणि मग एकनाथांच्या चरित्रातील जेवणाच्या कथांकडे वळतात. नाथांनी 1599 मध्ये देह ठेवला. संतचरित्रकार महिपतींचा ‘भक्तविजय’ 1762 मध्ये पूर्ण झाला आणि ‘भक्तलीलामृत’ 1774 मध्ये, म्हणजे आपण ज्या कथा नाथांच्या म्हणून ऐकत आलो, त्यांतल्या अनेक दीडशेहून अधिक वर्षांनी आजच्या रूपात लिहिल्या गेल्या. एकच कथा ओवीबद्ध चरित्रात कशी येते, नंतर नाटकात कशी बदलते, आणि 1935 मध्ये प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात बालगंधर्व नाथांच्या भूमिकेत पडद्यावर येतात तेव्हा तिचे काय होते, याचा माग लेखकाने धीराने काढला आहे. त्या चित्रपटाचे आधीचे नाव ‘महात्मा’ होते आणि सेन्सॉरच्या आक्षेपामुळे ते बदलावे लागले, एवढ्या एका गोष्टीवरूनही तोवर ही जुनी कथा कोणत्या राजकारणात येऊन पोचली होती ते समजते.

श्राद्धाची कथा सर्वांना ठाऊक आहे. नाथांच्या घरी श्राद्धाचा स्वयंपाक चालला आहे, वाटेने जाणाऱ्या महार कुटुंबाला त्याचा वास येतो, नाथ त्यांना बोलावून तोच स्वयंपाक वाढतात, ब्राह्मण जेवायला नकार देतात आणि अखेर पितर स्वतः येऊन पानांवर बसतात. हे प्रकरण वाचत असताना माझी आत्या घरी आली होती. तिचे माहेर पैठणच्या बाजूचे, नाथषष्ठीची कीर्तने तिने लहानपणापासून ऐकलेली. मी तिला ही कथा सांगायला लावली. “अगं, नाथांनी ‘आगतम्’ म्हटलं आणि पितर साक्षात उतरले की! ब्राह्मण बघतच राहिले,” असे म्हणून तिने पितरांची तेजस्वी रूपे, ब्राह्मणांचे खजील चेहरे, गिरिजाबाईंनी दुसऱ्यांदा केलेला स्वयंपाक, सारे रंगवून सांगितले. आधी जेवून गेलेल्या त्या कुटुंबाचे पुढे काय झाले, असे मी विचारले तेव्हा ती थांबली. “ते कीर्तनात नसतं गं,” ती म्हणाली. हे पुस्तक वाचले नसते तर तो प्रश्न मला सुचलाच नसता. ज्यांच्या जेवणामुळे कथा घडते तेच कथेतून लवकर बाहेर पडतात, आणि चमत्कार घडतो तो वाद मिटवण्यासाठी. संतचरित्रांनी राखलेली ही संदिग्धता हेतुपूर्वक आहे, एकाच कथेतून सनातनी श्रोता आणि सुधारकी श्रोता आपापला अर्थ नेऊ शकत होता, असे क्यून यांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटले. संतांनी देवापुढची समता सांगितली, माणसामाणसांतली नाही, हा डॉ. आंबेडकरांचा 1936 नंतरच्या वादातला आक्षेप लेखक टाळून जात नाही, हे मला विशेष महत्त्वाचे वाटते. पुस्तकाचा पहिला भाग, जिथे पूर्वीच्या अभ्यासकांच्या मतांची छाननी आहे, तो मात्र सर्वसामान्य वाचकाला जड जाईल. तो चाळून पुढे गेले तरी चालेल.

पंगतीतला हा प्रश्न दवाखान्यात कसा पोचला, ते मृदुला रामण्णा यांच्या ‘वेस्टर्न मेडिसिन अँड पब्लिक हेल्थ इन कलोनियल बॉम्बे, 1845–1895’ या पुस्तकात (ओरिएंट लाँगमन, 2002) दिसते. 1845 हे ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाल्याचे वर्ष. 1851 मध्ये तेथून बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते आणि आत्माराम पांडुरंग तर्खडकरही होते. याच आत्माराम पांडुरंगांच्या पुढाकाराने 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. शवविच्छेदनाच्या टेबलापाशी उभा राहिलेला तरुण पुढे मूर्तीविना प्रार्थनेची सभा भरवतो, यात मला योगायोगाहून अधिक काही दिसते. धर्म आणि वैद्यक यांची कपाटे वेगळी ठेवणाऱ्या वर्गवारीत हा माणूस कुठे ठेवायचा?

या पुस्तकातील देवी टोचण्याचा भाग मी दोनदा वाचला. एकोणिसाव्या शतकात लस बाटलीत भरून येत नसे. एका मुलाच्या दंडावर टोचायचे, आठवड्याभराने तेथे फोड भरला की त्यातील द्राव काढायचा आणि पुढच्या मुलाच्या दंडात घालायचा, अशी दंडाकडून दंडाकडे चालणारी ती साखळी होती. ज्या मुलांच्या दंडावरून द्राव घेतला जाई ती पुष्कळदा गरिबांची आणि खालच्या मानलेल्या जातींची असत. आपल्या मुलाच्या अंगात कोणाच्या अंगातले काय जाते, या विचाराने वरच्या जातींच्या घरांत विरोध होई. आणि ज्यांच्या लेकराच्या भरलेल्या फोडाला पुन्हा सुई लावली जाई, त्या आयांनाही ते नकोसे होई, कारण त्या जखमेचा त्रास त्यांच्याच मुलाला होता. पुढे वासराच्या अंगावर लस वाढवण्याचे प्रयोग झाले, त्यांत अनंत चंद्रोबा या मराठी डॉक्टरांचा वाटा होता. तेव्हा गाईचा प्रश्न पुढे आला. 1877 च्या कायद्याने मुंबईत देवी टोचणे सक्तीचे झाले. लोक अडाणी होते म्हणून त्यांनी विरोध केला, एवढ्या एका वाक्यावर आपण वाढलो. रामण्णा विरोध करणाऱ्यांची कारणे एकेक करून सुटी करतात आणि त्यांतली काही कारणे अगदी व्यवहारी होती हे दाखवतात. इस्पितळात जायला लोक का कचरत, याचेही उत्तर तिथेच मिळते: परक्याच्या हातचे अन्नपाणी, शेजारच्या खाटेवर कोण असेल याची धास्ती, आणि स्त्रियांच्या बाबतीत पुरुष डॉक्टर. शेवटच्या कारणावर तोडगा म्हणून मुंबईकरांनी निधी उभा केला, 1883 मध्ये स्त्री डॉक्टर एडिथ पीची विलायतेहून आल्या, आणि 1886 मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झाले.

पुस्तकाची उणीव त्याच्या साधनांत आहे. सरकारी अहवाल, महाविद्यालयाचे वृत्तांत आणि देशी वृत्तपत्रांचे सरकारने करवून घेतलेले इंग्रजी गोषवारे यांवर त्याचा मुख्य भर आहे. मराठी पत्राच्या संपादकाने रागाने लिहिलेला मजकूर अनुवादकाच्या दोन ओळींत आटून आपल्यापुढे येतो. रुग्णाचा स्वतःचा आवाज तर क्वचितच ऐकू येतो. आकडे आणि नावे इतकी दाटीने येतात की काही पानांवर धापच लागते. तरीही प्लेगच्या आधीची ही पन्नास वर्षे कोणीतरी इतक्या निगुतीने मांडली याबद्दल मी लेखिकेची ऋणी आहे. आपल्या सार्वजनिक आठवणीत मुंबईचे आरोग्य 1896 च्या प्लेगपासूनच सुरू होते, आणि त्याआधी जे घडले त्याशिवाय प्लेगच्या वेळचा लोकांचा संताप कळत नाही.

रोझलिंड ओ’हॅन्लन यांचे ‘कास्ट, कॉन्फ्लिक्ट अँड आयडिऑलॉजी’ (केंब्रिज, 1985) या चौघांतले सर्वांत जुने आणि सर्वांत नावाजलेले. जोतीराव फुले आणि त्यांच्या काळातील ब्राह्मणेतर चळवळ हा त्याचा विषय. त्यावर खूप लिहिले गेले आहे, म्हणून येथे थोडक्यात. फुल्यांचे मन मिशनऱ्यांच्या शाळेत आणि त्यांच्या नियतकालिकांतील वादांत कसे घडले हे त्या दाखवतात, पण त्यांना कोणाची सावली ठरवत नाहीत. परशुरामाची कथा उलटी वाचून बळीराजाला नायक करणे, 1869 च्या शिवाजीच्या पवाड्यात राजाला शेतकऱ्यांच्या बाजूला आणून उभे करणे, आणि त्याच राजावर राजारामशास्त्री भागवतांसारख्यांनी केलेले वेगळे लेखन शेजारी ठेवून पाहणे, ही प्रकरणे आजही ताजी वाटतात. शिवाजी कोणाचा, या आजच्या वादात पडणाऱ्या प्रत्येकाने निदान तेवढी पाने वाचावीत. सावित्रीबाई आणि चळवळीतील इतर स्त्रिया या पुस्तकात फार कमी येतात, हे खटकते. ओ’हॅन्लन यांनीच पुढे ताराबाई शिंदे यांच्या ‘स्त्रीपुरुषतुलने’चा इंग्रजी अनुवाद केला, त्यामुळे ही बाजू त्यांना दिसत नव्हती असे म्हणवत नाही, पण या ग्रंथात ती आली नाही ती नाहीच.

ती जागा शैलजा पाईक यांचे ‘दलित विमेन्स एज्युकेशन इन मॉडर्न इंडिया’ (रूटलेज, 2014) भरून काढते. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ताबाईने मांगमहारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये मिशनऱ्यांच्या ‘ज्ञानोदया’त छापून आला, त्यानंतर पुढच्याच वर्षी, 1856 मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि सरकार मागे सरले. सार्वजनिक शाळा आणि पाणवठे खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबईच्या कौन्सिलात मंजूर व्हायला 1923 उजाडले. पाईक यांचा विषय या तारखांच्या पलीकडे सुरू होतो. दार उघडल्यावर आत शिरलेल्या मुलीला वर्गात कुठे बसवले, कोणत्या नावाने हाक मारली, तिची मराठी ‘अशुद्ध’ म्हणून कोण हसले, हे त्या विचारतात, आणि त्यासाठी पुण्यातील दलित स्त्रियांशी बोलतात. शिक्षणाने माणूस मुक्त होतो हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. शिकून नोकरीला लागलेल्या स्त्रियांना आपले बोलणे, नेसणे, आडनाव, वस्ती या सगळ्यांचा हिशोब पुन्हा पुन्हा मांडावा लागला, हे त्यांच्याच तोंडून ऐकताना त्या वाक्याचे वजन कळते. मी स्वतः वीस वर्षे शाळेत मराठी शिकवते. ‘आणि’ऐवजी ‘आनि’ म्हणणाऱ्या मुलीला मीही सगळ्या वर्गासमोर थांबवून दुरुस्त केले आहे. त्या मुलीने खाली बसताना पट्टीने वहीवर ओढलेली रेघ मला हे पुस्तक वाचताना इतक्या वर्षांनी आठवली, आणि पुढचे पान उलटायला वेळ लागला.

मुलाखतींतील मराठी बोल इंग्रजीत उतरल्याने त्यांची धार बोथट होते, ही या पुस्तकाची अडचण. सैद्धांतिक परिभाषाही काही ठिकाणी अनावश्यक वाटते. पण पहिल्या, ऐतिहासिक भागापाशी थांबू नये. पुस्तकाचा प्राण दुसऱ्या भागात आहे.

आता पुस्तक या वस्तूविषयी. परदेशी विद्यापीठीय प्रकाशनांच्या किमती शिक्षकाच्या पगाराला झेपणाऱ्या नाहीत, आणि तालुक्याच्या वाचनालयात ही पुस्तके असण्याची आशा नको. यांतले एक मी ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले, तेव्हा मागणीनुसार छापलेली फिकट प्रत आली. मराठी शब्दांसाठी वापरलेली रोमन लिपीतली चिन्हे तिच्यात इतकी पुसट होती की ‘ण’ आणि ‘न’ यांतला फरक अंदाजाने करावा लागला. त्या विक्रेत्याने प्रत बदलून दिली नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयाची बाहेरच्या वाचकांसाठीची वर्गणी भरणे हाच मला परवडलेला मार्ग ठरला, आणि चांगल्या बांधणीच्या जुन्या प्रती तिथेच हाती आल्या.

वाचायचा क्रम विचाराल तर मी क्यून यांच्या एकनाथांवरील प्रकरणांपासून सुरुवात करायला सांगेन, कारण ती कथा आपल्या ओळखीची असते. मग रामण्णा यांचा देवी टोचण्याचा भाग, मग पाईक यांचा दुसरा भाग. ओ’हॅन्लन शेवटी ठेवाव्यात, आणि त्या वाचताना धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेले ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’ शेजारी उघडे असावे. पवाड्याचा इंग्रजी अनुवाद आला की तिथली ओळ मराठीत मोठ्याने वाचावी.