ईपानेट 2.2 : दिसायला जुनाट, कामाला भारी

नळयोजनेचं काम गळ्यात पडलं म्हणून ईपानेट टाकलं, आता रोजच उघडतो. पाइपांच्या जाळ्यात पाणी कसं वाहतं, प्रेशर किती राहतं याचं गणित करणारं अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचं सॉफ्टवेअर, 1993 पासून आहे, पूर्ण फुकट, लायसनची भानगड नाही. दिसतं मात्र विंडोज 98 च्या जमान्यातलं आणि अनडू नाहीच, त्यामुळे दर दहा मिनिटांनी सेव्ह मारायची सवय लावा. टाकी, पाइप, जंक्शन (पाइप जुळतात ते बिंदू) काढायचे, उंची-लांबी-व्यास भरायचा नि रन करायचं, की कुठे किती प्रेशर ते रंगात दिसतं, 24 तासांत पाणी कधी किती वापरतात तो पॅटर्न दिला तर टाकी कधी रिकामी होते तेपण कळतं.

माझा पहिल्याच दिवशी पोपट झाला. युनिट सुरुवातीला गॅलनमधे असतं, म्हणजे व्यास इंचात धरतो, मी बघितलंच नाही आणि पाइपचा व्यास 110 टाकला, मिलिमीटर समजून, म्हणजे त्याच्या लेखी 110 इंच! प्रेशर सगळीकडे झकास, मी खुश. साहेबांनी एक नजर टाकली नि म्हणाले, अरे, यातून म्हैस जाईल. युनिट एलपीएस (लिटर प्रति सेकंद, यात व्यास मिलिमीटरमधे) केल्यावर टेकाडावरच्या वस्तीत प्रेशर थेट निगेटिव्ह, म्हणजे कागदावर पाणी पण नळाला हवा. उंचीचे आकडे नीट मोजून भरा, अंदाजे टाकाल तर उत्तरपण अंदाजेच. आणि हो, माझ्या जुन्या डबड्या लॅपटॉपवरसुद्धा पळतं.