शटर बदललं, फोकस गेला आणि पैसेही गेले

हे लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण लाज वाटत होती. चौदा वर्षं लग्नं, मुंजी, जत्रा यांचे फोटो काढतोय. गोव्यात फोंड्यापासून डिचोलीपर्यंत लोक ओळखतात. आणि एका कॅमेरा रिपेअरवाल्याने मला शाळकरी पोराला फसवावं तसं फसवलं. तक्रार चालू आहे म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण त्याने काय केलं ते प्रत्येक फोटोग्राफरला कळलंच पाहिजे.

तुळशीचं लग्न झालं की आमचा सीझन सुरू. नेमकं त्याच आठवड्यात कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे क्लिक केल्यावर सेन्सरसमोर उघडून मिटणारा पडदा, अडकलं. क्लिक केलं की एरर, बॅटरी काढून घातली की दोन फोटो, परत एरर. १ लाख ३० हजारांवर क्लिक झाले होते, त्यामुळे शटर जाणं समजू शकतो. कंपनीच्या सेंटरला द्यायचा तर दोन-तीन आठवडे, आणि रविवारी फोंड्याजवळ देवळाच्या सभागृहात लग्न. दुसरी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) भाच्याकडे वाळपईला, तीही त्याच दिवशीच्या मुंजीसाठी. मी काय करणार होतो? आमच्या धंद्यातल्या दोघांनी पणजीतलं हे दुकान सांगितलं, गुरुवारी तिथे गेलो.

नवीन ओरिजिनल शटर ९,५०० आणि अर्जंटचे १,५००. एकूण ११,०००. त्यातले ६,००० यूपीआयने आगाऊ दिले, ५,००० रोख शनिवारी. बिल मागितलं तर म्हणाला, बिल हवं असेल तर १८ टक्के वर. मी नको म्हटलं. यावर कोणी मला शहाणपण शिकवू नये. १,९८० रुपये वाचत असतील तर आपण सगळेच नको म्हणतो. यूपीआयवर दुकानाचं नाव येत नव्हतं, कुणा तिसऱ्याचंच येत होतं. तेही दिसलं, तरी पिन दाबला. तुम्ही दाबू नका. नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा.

आता शनिवारची संध्याकाळ. ती आठवली की अजून डोकं फिरतं. त्याने भिंतीवरच्या कालनिर्णयचा फोटो काढला आणि झूम करून दाखवला. तारखेखालचं बारीक अक्षर न् अक्षर स्वच्छ. पण तो फोटो त्याने लाइव्ह व्ह्यूवर काढला होता, मागचा स्क्रीन चालू करून. मी ते समोर उभा राहून पाहिलं. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवरून होतो. व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे वरच्या खिडकीला डोळा लावून, काढताना मात्र मुख्य आरशामागच्या छोट्या आरशावरून प्रकाश खालच्या एएफ (ऑटोफोकस) सेन्सरवर जातो. शटर बदलायचं म्हणजे मिररबॉक्स (हे आरसे बसवलेला सांगाडा) काढावा लागतो, आणि परत बसवताना केसाएवढा फरक राहिला तरी व्ह्यूफाइंडरचा फोकस चुकतो. लाइव्ह व्ह्यूचा चुकत नाही. म्हणजे त्याने केलेला बिघाड जिथे दिसूच शकत नाही, नेमका तिथेच त्याने मला फोटो काढून दाखवला. हे सगळं मला माहीत होतं. नवीन पोरांना मीच हे शिकवतो!

ग्रिपचं रबर एका कोपऱ्यात वर आलेलं. तळाच्या एका स्क्रूचं तोंड झिजून चकाकत होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावायला उचलला, तेवढ्यात त्याने तो हातातून घेऊन बॅटरी काढली. "चार्जिंग वाचवा पात्रांव, फाल्यां लग्न आसा. कांयच जावचें ना." म्हणजे, चार्जिंग वाचवा मालक, उद्या लग्न आहे, काहीच होणार नाही. आणि मी उरलेले ५,००० मोजून दिले.

लग्नात कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर सगळं छान वाटलं. रात्री लॅपटॉपवर उघडलं आणि हातपाय गार पडले. ८५ एमएमची लेन्स, १.८ अ‍ॅपर्चर (इतकं उघडं की फोकसमध्ये जेमतेम एक पातळ थर येतो), फोकसचा पॉइंट बरोबर नवरीच्या डोळ्यावर. डोळे धूसर, आणि कानामागे माळलेल्या आबोलीची पाकळी न् पाकळी धारदार. हार घालण्यापासून सप्तपदीपर्यंत तेच. ग्रुप फोटो ८ अ‍ॅपर्चरवर होते, तिथे हा थर जाड असतो, म्हणून तेवढे वाचले. नवरीच्या वडिलांनी ४५,००० मधले १५,००० कापले. त्यांनी आवाजही चढवला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

सोमवारी दुकानात गेलो तर म्हणे लेन्समध्ये बुरशी आहे. आपल्याकडे पावसाळ्यात ड्राय बॉक्समध्ये (दमट हवेपासून वाचवणाऱ्या बंद डब्यात) ठेवलेल्या लेन्सलाही बुरशीची भीती असते, म्हणून मी मानलं. लेन्स साफ करायचे २,२०० दिले. फरक शून्य. मग तीच लेन्स मित्राच्या बॉडीला लावली, फोकस चोख. माझ्या बॉडीत एएफ अ‍ॅडजस्टमेंट (फोकस पुढे-मागे सरकवायची सेटिंग) वजा २० पर्यंत नेली, त्यापुढे ती जातच नाही, तरी फोकस मागेच. परत गेलो तर थेट, "तुम्ही पाडला असेल." जुनं शटर मागितलं तर "टाकून दिलं." लक्षात ठेवा, पार्ट बदलायला सांगताना जुना पार्ट परत हवा हे आधीच लिहून घ्या. कंपनीच्या सेंटरने तपासणीचे १,१८० घेतले आणि लेखी दिलं की मिररबॉक्स आधी उघडलेला आहे, जागेवर नीट बसलेला नाही, आणि शटरच्या पात्यांवर जुन्या वापराच्या खुणा आहेत. सेकंड-हँड शटर ९,५०० ला! दुरुस्तीचं एस्टिमेट १६,५२०.

पोलीस चौकीवर पाऊण तास बाकावर बसवून ठेवलं आणि सांगितलं, हे सिव्हिल मॅटर आहे. मी म्हटलं, वापरलेला माल नवा सांगून विकणं ही फसवणूक नाही का, जुन्या ४२० कलमाच्या जागी आता भारतीय न्याय संहितेचं ३१८ आलं ना? साहेब म्हणाले, "बिल दाखवा." बिल नाही म्हटल्यावर त्यांनी फोन हातात घेतला तो ठेवलाच नाही. पुढे एका सरकारी कार्यालयात गेलो. पहिल्या दिवशी संबंधित माणूस रजेवर. दुसऱ्या दिवशी झेरॉक्सचे दोन संच आणा. तिसऱ्या दिवशी टेबलामागचा माणूस कागदाकडे न बघता म्हणाला, "तुम्ही कॅमेरा धंद्याला वापरता, म्हणजे तुम्ही ग्राहकच नव्हे." तीन दिवसांची कमाई बुडवून हे ऐकायला गेलो होतो का? २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात स्पष्ट लिहिलंय की स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली आणि वापरलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. त्याच कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा म्हटली आहे. हे मला, एका फोटोग्राफरला, रात्री जागून वाचावं लागलं. आणि ज्यांना त्यासाठी पगार मिळतो ते मलाच उलटे प्रश्न विचारतात. मी प्रिंट काढून नेली तेव्हा उत्तर मिळालं, "मग टाका केस, आम्हाला कशाला विचारता?"

टाकली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात शुल्क नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, दोन वर्षांची मुदत असते. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि "शटर नवीन घातला" हा त्याचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज माझ्याकडे आहे. म्हणून रिपेअरवाल्याशी बोलणं फोनवर नको, मेसेजवरच करा. कॅमेरा देण्याआधी सीरियल नंबर आणि तळाच्या स्क्रूंचा जवळून फोटो काढून ठेवा. परत घेताना आपली लेन्स न्या, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, व्ह्यूफाइंडरला डोळा लावून तिथेच वीस फोटो काढा. तो घाई करत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

माझे आतापर्यंत २९,३८० गेले, १६,५२० अजून बाकी. बॉडी ड्राय बॉक्समध्ये पडून आहे आणि मी भाच्याकडच्या त्या दुसऱ्या कॅमेऱ्यावर ऑर्डरी करतोय. परवा त्याच दुकानावरून गेलो. काउंटरवर एक कोवळा पोरगा उभा होता आणि दुकानदार भिंतीकडे कॅमेरा धरून त्याला मागचा स्क्रीन दाखवत होता. मी आत शिरलो आणि त्या पोराला म्हटलं, व्ह्यूफाइंडरमधून काढून बघ.