घरच्या जुन्या पीसीवर प्रॉक्समॉक्स टाकू की ईएसएक्सआय?

धाकट्या भावाचा प्रश्न, घरी पडून असलेल्या आय-५ च्या पीसीवर काय टाकू. दोन्ही हायपरव्हायजर, म्हणजे एकाच पीसीवर अनेक आभासी पीसी चालवणारी सॉफ्टवेअर; ईएसएक्सआय हे व्हीएमवेअर कंपनीचं. पैशाचं म्हणाल तर दोन्ही फुकट मिळतात, पण ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यावर २०२४ मध्ये फुकट ईएसएक्सआय बंद केलं आणि २०२५ मध्ये परत आणलं, म्हणजे उद्याचं काय सांगावं. प्रॉक्समॉक्स ओपन सोर्स, लॉगिनला सबस्क्रिप्शनचा पॉपअप येतो तेवढा ओके करायचा आणि रिपॉझिटरी (अपडेट जिथून येतात ती जागा) 'नो-सबस्क्रिप्शन'वाली लावायची, नाहीतर अपडेटला एरर येत बसते.

खरी गोची हार्डवेअरची. साध्या मदरबोर्डवर लॅनची (नेटवर्कची) चिप बऱ्याचदा रिअलटेक कंपनीची असते आणि ईएसएक्सआय ८ मध्ये तिचा ड्रायव्हरच नसतो, इन्स्टॉलर तिथेच अडतो, मग इंटेलचं लॅन कार्ड शोधत फिरा. प्रॉक्समॉक्सच्या खाली डेबियन लिनक्स, त्यामुळे असलं काही सहसा होत नाही, ब्राउझरमध्ये त्या पीसीचा आयपी आणि पुढे पोर्ट नंबर ८००६ टाकला की काम सुरू. बॅकअपपण त्यातच आहे. फुकट ईएसएक्सआयला बाहेरचं बॅकअप सॉफ्टवेअर नीट जोडताच येत नाही, मला तरी हे फार खटकतं.

नोकरीसाठी व्हीस्फिअरचा (व्हीएमवेअरची कंपन्यांत वापरतात ती व्यवस्था, ईएसएक्सआय तिचाच भाग) हात बसवायचाय तर ईएसएक्सआय. घरी मीडिया सर्व्हर, पाय-होल (जाहिराती अडवणारं) वगैरे चालवायचंय तर डोळे झाकून प्रॉक्समॉक्स, फक्त डिस्कसाठी झेडएफएस ही फाइल सिस्टिम घेणार असाल तर रॅम जरा सढळ हाताने टाका.