हायब्रिड सायकलवर आठ महिने : दीड वर्षात डोंगर दोनदा, ऑफिस रोज

आधीची सायकल एमटीबी, म्हणजे डोंगरात चालवायची माउंटन बाइक होती. जाड खाचांचे टायर, पुढे सस्पेन्शन, दिसायला एकदम तगडी. दीड वर्षात ती डोंगरात गेली दोनदा. बाकी रोज जाऊन-येऊन १४ किमी डांबरी रस्ता. चढाला उभं राहून पायडल मारलं की पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारा चिमटा) खालीवर डुलायचा, पायातला निम्मा जोर स्प्रिंगच खातेय असं वाटायचं. लॉकआउट, म्हणजे स्प्रिंग बंद करायची सोय, नव्हताच.

दुसऱ्यांदा शहाणपणा केला. महिनाभर फोनमध्ये नोंद ठेवली : किती किमी, रस्ता कसा, सोबत सामान काय. कच्चा रस्ता तीन किमीही भरला नाही, लॅपटॉपची बॅग मात्र रोज. मग रोड बाइकही, म्हणजे बारीक टायरची वेगवान सायकल, चालवून बघितली. पळते झकास, पण ट्रॅफिकमध्ये एवढं वाकून बसायला पाठ तयार नव्हती. शेवटी या दोन्हींच्या मधली हायब्रिड : ७००×३८सी (३८ मिमी रुंद) टायर, बिनस्प्रिंगचा साधा फोर्क, डिस्क ब्रेक, कॅरिअर-मडगार्डसाठी फ्रेमवर भोकं. ही भोकं आहेत का, हे नक्की बघा. आता बॅग कॅरिअरवर असते आणि शर्ट पाठीला चिकटत नाही.

आतापर्यंत साधारण २,१०० किमी. सात किमीला २८ मिनिटं लागायची, आता २३-२४. खरं सांगायचं तर जुनीला गुळगुळीत टायर टाकून हवा नीट ठेवली असती तरी बराच फरक पडला असता. हे उशिरा सुचलं, तोवर ती भाच्याकडे गेली होती.

साइझचा घोळ मात्र मी केलाच. दांडा दोन पायांमध्ये घेऊन उभं राहिलो, दांड्याच्या वर चार बोटं जागा, म्हटलं झालं. पण हँडलपर्यंतचं अंतर कोण बघतो? दोन आठवड्यांत तळव्यांना मुंग्या. १०० मिमीचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) काढून ८० चा बसवला, तेव्हा थांबल्या. सीटचंही तसंच. गुबगुबीत जेल सीट दहा मिनिटं सुखाची, अर्ध्या तासानंतर मांड्या घासतात. आता अरुंद, जरा कडक सीट आहे.

तक्रारी आहेत. खड्डा थेट मनगटात जाणवतो. केबलवाले डिस्क ब्रेक पावसात किंचाळतात आणि पॅड झिजले की लिव्हर सैल पडतो, दर काही आठवड्यांनी ताण द्यावा लागतो. पुढच्या गिअरची सगळ्यात लहान दातेरी चकती मी एकदाही वापरलेली नाही. मागच्या ब्रेकचे पॅड या रविवारी बदलायचेत, तेव्हाच चेन किती ताणलीय तेही मोजून घेईन.