‘शंभर वॅटचा उजेड, वीस वॅटची लाईन’: आठवडी बाजारातील फ्लडलाईटचा अनुभव

गेल्या सोयाबीनच्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या भागात, आठवडी बाजारांतून एलईडी फ्लडलाईट विकणारी एक गाडी फिरत होती. आमच्या गावातील बऱ्याच शेतकऱ्यांनी खळ्यासाठी, कोठ्यासाठी आणि रानडुकरांमुळे करावी लागणाऱ्या जागलीसाठी तिच्याकडून दिवे घेतले. तशीच विक्री अन्यत्रही होत असल्याचे ऐकतो, म्हणून ती कशी चालते ते सविस्तर लिहीत आहे.

विक्रेत्याने एका फळीवर जुना १०० वॅटचा तारेचा बल्ब, त्याच्या शेजारी आपला फ्लडलाईट आणि वीजवापर दाखवणारे एक छोटे मीटर बसवले होते. दोन्ही दिवे आळीपाळीने लावून तो म्हणे, “पाहा ना भाऊ, शंभर वॅटचा उजेड, अन् लाईन जाते वीसचीच!” मीटरवरही खरोखर २० च्या आसपासचा आकडा दिसे. दिव्याची किंमत १,२०० रुपये होती. तालुक्याच्या दुकानात १०० वॅटचा चांगला एलईडी फ्लडलाईट याहून बराच महाग मिळतो, हे लोकांना ठाऊक होते; त्यामुळे तोच दिवा स्वस्तात मिळतो आहे आणि वर वीजही वाचते आहे, असा सर्वांचा समज झाला. त्याने दिलेल्या चिठ्ठीवरही ‘१०० वॅट एलईडी फ्लडलाईट’ एवढेच लिहिले होते.

खळ्यावर मात्र तो उजेड पुरेना. मी शाळेत विज्ञान शिकवत असल्याने काही जण दिवा घेऊन माझ्याकडे आले. घरातील बाकी सर्व उपकरणे बंद करून मी तेवढा एकच दिवा लावला आणि वीजमीटरवरील लुकलुकणारा लाल ठिपका मोजला. आमच्या मीटरवर एका युनिटला ३२०० स्पंदने (म्हणजे ठिपक्याचे ३२०० वेळा लुकलुकणे) असे छापलेले आहे. त्या हिशेबाने १०० वॅटच्या दिव्याला मिनिटाला पाचाहून थोडी अधिक स्पंदने पडायला हवीत. येथे मिनिटाला जेमतेम एक पडत होते, म्हणजे दिवा १९-२० वॅटचाच होता. चिठ्ठीवर काहीही लिहिलेले असो, विजेच्या बाबतीत विक्रेता तोंडाने खोटे बोलला नव्हता, आणि या फसवणुकीचे मर्म नेमके तेथेच आहे.

वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो त्याचे माप. दिव्यातून एकूण किती प्रकाश बाहेर पडतो ते ल्युमेनमध्ये मोजतात. १०० वॅटचा जुना बल्ब सुमारे १,३०० ते १,४०० ल्युमेन प्रकाश देतो, कारण त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते. चांगला एलईडी फ्लडलाईट वॅटमागे १०० ल्युमेन किंवा त्याहून अधिक देतो, त्यामुळे १०० वॅटच्या एलईडीकडून १०,००० ल्युमेनच्या आसपास अपेक्षा धरता येते. हलक्या प्रतीचा २० वॅटचा एलईडी जुन्या शंभराच्या बल्बाइतका उजेड सहज देईल, पण १०० वॅटच्या एलईडीइतका कदापि देणार नाही. विक्रेत्याने तुलना बल्बाशी केली आणि किंमत मात्र लोकांच्या मनातील १०० वॅटच्या एलईडीशी ताडून घेऊ दिली. २० वॅटचा असा दिवा तालुक्याच्या दुकानात निम्म्याहून कमी पैशांत मिळतो.

दोन गोष्टींनी त्याला साथ दिली. पहिली, फ्लडलाईटचा झोत एकाच दिशेने जातो आणि बल्बचा प्रकाश चहूकडे पसरतो. समोर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे झोताने दिपतात व दिवा आहे त्याहून प्रखर वाटतो. दुसरी, खोक्यावर ‘६५०० के’ असे छापलेले होते आणि विक्रेता त्याला ‘साडेसहा हजार पॉवर’ म्हणत होता. हा आकडा केल्विनचा, म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचा आहे: २७०० पिवळसर, ६५०० निळसर पांढरा. त्याचा उजेडाच्या प्रमाणाशी काही संबंध नाही. ही थाप मला सर्वांत निर्लज्ज वाटली. ल्युमेनचा आकडा खोक्यावर कुठेही नव्हता.

परतीच्या पावसात विजा कडाडल्या आणि यातील अनेक दिवे एकाच रात्री गेले. उघडून पाहिले, तर विजेच्या लाटेपासून वाचवणारा व्हॅरिस्टर नव्हता आणि कडेचे रबर इतके सैल होते की आत पाणी साचले होते. खोक्यावर मात्र पाणी-धूळ रोखण्याचा ‘आयपी ६५’ हा दर्जा छापलेला होता. दोन वर्षांच्या गॅरंटी कार्डावर पत्ता नव्हता, आणि त्यावरचा फोन बंद लागतो.

एलईडी फ्लडलाईटला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची असून, दिव्यावर ‘आर’ या अक्षरानंतर आठ अंकी क्रमांक असावा लागतो. ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अॅपमध्ये तो टाकला की निर्मात्याचे नाव आणि वस्तूचा प्रकार दिसतो. आमच्या दिव्यांवरील क्रमांक भलत्याच वस्तूचा निघाला. विक्रेता घेण्यापूर्वी हे तपासू देत नसेल, तर तेथेच थांबावे.

“तो तर खरंच बोलला होता, मग तक्रार कायची करायची?” असे एका शेतकऱ्याने मला विचारले. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवणारी जाहिरातही दिशाभूल करणारी ठरते, त्यामुळे तक्रारीला जागा आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा क्रमांक त्यासाठीच आहे. आमची अडचण कच्च्या चिठ्ठीची झाली; तिच्यावर ना दुकानाचे नाव, ना जीएसटी क्रमांक. ज्यांनी खोके फेकून दिले त्यांच्याकडे तर निर्मात्याचा काही मागमूसच उरला नाही. म्हणून असा दिवा कोणी घेतलाच असेल, तर खोके, चिठ्ठी आणि गाडीच्या क्रमांकाचा फोटो जपून ठेवावा, आणि पुढच्या बिलावर वॅटसोबत ल्युमेनही लिहून मागावेत.