सरकत्या गेटची मोटर: एसी की डीसी?

भावोजी अडलेत: बंगल्याच्या गेटला २३० व्होल्टची एसी मोटर बसवावी की २४ व्होल्टची डीसी?

एसी स्वस्त, रचनाही साधी. पण लाइट गेली की भर पावसात गाडीतून उतरा, किल्लीने मोटर मोकळी करा आणि गेट ढकला. कोकणातल्या जुलैत हे नित्याचंच! डीसीला बॅटरी जोडता येते; सुरुवात-थांबा सावकाश, म्हणून गिअरच्या दात्यांना हिसके कमी. बॅटरी मात्र काही वर्षांनी बदलावी लागते.

बसवायची मेहनत सारखीच. रूळ वाकडा असेल तर दोन्ही रडतील. फोटोसेल (वाटेत कुणी आलं की गेट थांबवणारा सेन्सर) दोन्हींना लावाच, घरात मुलं आहेत.

सोसायटीचं जड गेट, जनरेटर हाताशी: एसी. भावोजींकडे वीज वरचेवर जाते, आई-अण्णा एकटे असतात; त्यांनी डीसीच घ्यावी.