क्रूझवरचा बिंगो: पैसे घालावेत की नाही?

क्रूझ बुक केली की खोलीचे, जेवणाचे, शोचे पैसे आधीच देऊन झालेले असतात, त्यामुळे जहाजावर चढताना वाटतं आता खिशात हात घालायची वेळ येणार नाही. मग पहिल्याच सी डेला, म्हणजे जहाज दिवसभर नुसतं समुद्रात असतं त्या दिवशी, स्पीकरवरून सांगतात की दुपारी मोठ्या लाउंजमध्ये बिंगो आहे, जॅकपॉट एवढा एवढा, आणि मन लगेच चाळवतं. मी आईबरोबर सात रात्रींच्या क्रूझवर तीन सेशन खेळले आणि घरी आल्यावर बसून नीट हिशोबही मांडला. माझं मत आधीच सांगून टाकते. पैसे मिळवायला म्हणून जाणार असाल तर अजिबात जाऊ नका, तासभर चार लोकांत मजा करायला म्हणून जायचं असेल तर एकदा जरूर जा, आणि ते एकदा म्हणजे शेवटचं सेशन.

आधी खेळ समजून घेऊ कारण आपल्याला हाउझी माहीत असते आणि आपण त्याच हिशोबाने जाऊन बसतो. हाउझीत ९० नंबर, तिकिटावर १५. ब्रिटिश प्रवाशांसाठीच्या जहाजांवर बऱ्याचदा तसाच बिंगो असतो. पण अमेरिकन पद्धतीच्या जहाजांवर ७५ नंबरवाला असतो, ५ बाय ५ चं कार्ड, मधला चौकोन फुकट, म्हणजे कार्डावर २४ नंबर. बी च्या खाली १ ते १५, आय खाली १६ ते ३०, असं करत ओ खाली ६१ ते ७५. एका सेशनमध्ये असे काही गेम लागोपाठ होतात. आधीचे गेम ओळ, चार कोपरे किंवा एखाद्या आकाराचे असतात आणि शेवटचा असतो कव्हरऑल, म्हणजे अख्खं कार्ड भरायचं. मोठा जॅकपॉट या शेवटच्या गेमवर असतो, तोही ठरलेले इतके नंबर पुकारून व्हायच्या आत कार्ड भरलं तरच. नाही भरलं तर गेम तसाच पुढे चालू राहतो आणि जो पहिला भरेल त्याला छोटं बक्षीस मिळतं.

नवीन माणसाची निराशा कुठे होते तर ओळीच्या गेममध्ये. आपल्या कार्डावर जेमतेम तीन-चार खुणा झालेल्या असतात आणि मागून कोणीतरी बिंगो म्हणून ओरडतं. यात कसलीही गडबड नसते, हॉलमध्ये पाचशे कार्डं खेळात असतील तर कुठल्या ना कुठल्या कार्डावर पहिली ओळ साधारण बारा नंबरांच्या आसपासच पूर्ण होते. म्हणजे दोन-तीन मिनिटांचा मामला. आपलं कार्ड वाईट निघालं असं नसतं, बाकीची कार्डं खूप असतात एवढंच.

आता कागद की मशीन, हा खरा प्रश्न आहे आणि विक्रीच्या टेबलावर उभं असताना दहा सेकंदांत ठरवावा लागतो म्हणून तो आधीच डोक्यात ठेवून जा. कागदी कार्डं दोन-तीनच्या संचात मिळतात आणि त्यावर शाईच्या डॉबरने ठिपके मारायचे. मशीन म्हणजे हातात धरायचा छोटा टॅबलेट, त्यात वीस-तीस किंवा जास्त कार्डं असतात आणि खुणा त्याच्या तोच करतो, आपण फक्त बघायचं. समजा कागदाचा ३ कार्डांचा संच २५ डॉलरला आणि २४ कार्डांचं मशीन ६० डॉलरला आहे. हॉलमध्ये १०० जण, त्यातले ६० कागदवाले, ४० मशीनवाले. एकूण कार्डं झाली १,१४०, जहाजाकडे जमा झाले ३,९०० डॉलर. बक्षिसं समजा २०० चे तीन गेम आणि शेवटी जॅकपॉट न लागल्यावरचे ५००, मिळून १,१००. तर कागदवाल्याला सरासरीने परत येतात २ डॉलर ९० सेंटच्या आसपास, २५ घालून! मशीनवाल्याला येतात २३, ६० घालून. म्हणजे दराने बघितलं तर मशीन कितीतरी बरं, पण खिशातून जातात मात्र जास्त, कागदवाल्याचे २२ गेले तर मशीनवाल्याचे ३७. आकडे मी समजायला घेतलेत पण तुमच्या जहाजावर ते सहज काढता येतात, लोक मोजा, किती जणांच्या हातात मशीन आहे बघा, बक्षिसं तर माइकवर सांगतातच. मी तिसऱ्या सेशनला आधी वीस मिनिटं जाऊन हेच केलं.

एक गोष्ट यातून लक्षात येते की मशीन घेतल्याने फायदा होतो तो दुसऱ्या खेळाडूंच्या जिवावर. बक्षीस तेवढंच राहतं, कार्डं वाढतात, आणि बिचाऱ्या तीन कार्डवाल्याचा वाटा पातळ होत जातो. सगळ्यांनीच मशीन घेतलं तर कोणालाच काही फायदा नाही, जहाजाचा गल्ला तेवढा वाढतो. मला स्वतःला मशीन घेतलेलं सेशन सगळ्यात कंटाळवाणं वाटलं. आई दहा मिनिटांत मशीन माझ्या मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघायला लागली, कारण तिला करायलाच काही नव्हतं. कागद असताना तीच बाई टेबलावर ओणवी होऊन, चष्मा नाकाच्या टोकावर, जांभळ्या शाईचे ठिपके असे नेमके गोलाच्या मधोमध मारत होती की शेजारच्या टेबलावरच्या आजी कौतुकाने बघत होत्या. आपण बिंगोला जातो ते याच्यासाठी. म्हणून मजेसाठी जाणार असाल तर कागदच घ्या, जिंकायचं वेड असेल तरच मशीनचा विचार करा, आणि जिंकायचं वेड असेल तर मुळात जाऊच नका.

जॅकपॉटचं बघू. कव्हरऑल ५० नंबरांच्या आत व्हायची शक्यता एका कार्डाला २,१२,०८५ मध्ये १ असते. तीन कार्डं घेतलीत तर जवळपास ७०,७०० मध्ये १, चोवीस घेतलीत तर ८,८०० मध्ये १. आता गंमत बघा, हीच अट ५५ नंबरांची केली तर एका कार्डाची शक्यता १०,३५९ मध्ये १ होते, म्हणजे नुसते पाच नंबर वाढवले की वीसपट सोपं. आणि ६० केली तर ७१५ मध्ये १. त्यामुळे बोर्डावर जॅकपॉटची रक्कम केवढी मोठ्या अक्षरात लिहिलीय याच्याकडे बघूच नका, किती नंबरांच्या आत ते विचारा. ४८ म्हणाले तर विसरा, आठ लाखांत एक. ५८-६० म्हणाले आणि हॉलमध्ये शेकडो कार्डं असतील तर आज तो कोणाला तरी लागायची बऱ्यापैकी शक्यता आहे. बऱ्याच जहाजांवर जॅकपॉट लागला नाही की पुढच्या सेशनला रक्कम वाढवतात, काही ठिकाणी नंबरही वाढवतात, आणि शेवटच्या सेशनला अट काढूनच टाकतात, म्हणजे जो पहिला कार्ड भरेल त्याला सगळी रक्कम.

म्हणूनच मी शेवटचं सेशन म्हणते. त्या रकमेत आधीच्या सगळ्या दिवशी खेळलेल्यांचे पैसे साठलेले असतात. तुम्ही पहिल्या दिवसापासून खेळत असाल तर त्यात तुमचेही आहेत, पण फक्त शेवटच्या दिवशी आलात तर दुसऱ्यांनी भरलेल्या भांड्यातून जेवायला बसता. गर्दी दुप्पट असते हे खरं. वरचाच हिशोब दुप्पट लोकांवर केला, २,२८० कार्डं, बक्षिसं ६०० आणि जॅकपॉट ३,०००, तर तीन कागदी कार्डांना सरासरीने ४ डॉलर ७० सेंट आणि मशीनला ३८ परत येतात. तरीही तोटाच, पण आधीच्यापेक्षा बरा. फक्त शेवटच्या दिवशी कार्डांचा भाव वाढवलाय का ते बघा, वाढवला असेल तर हा फरक तिथेच संपतो. आणि विक्रीच्या टेबलावर स्पष्ट विचारा की आज जॅकपॉट नक्की कोणाला तरी देणार का, कारण प्रत्येक जहाजाचा नियम वेगळा. उलट मधल्या एखाद्या दिवशी, जहाज बंदरावरून निघाल्यावर संध्याकाळी सेशन असेल आणि हॉल रिकामा असेल, तर छोट्या बक्षिसांसाठी तो दिवस चांगला, कारण जाहीर केलेली बक्षिसं तेवढीच आणि वाटेकरी कमी.

कॅसिनोशी तुलना लोक करतातच. रुलेट म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी कुठे थांबेल यावर पैसे लावायचे. दोन शून्यांच्या रुलेटवर प्रत्येक डॉलरमागे सरासरीने सव्वापाच सेंट जातात, एका शून्याच्या चाकावर २.७. तासाभरात ५ डॉलरचे चाळीस डाव लावलेत तर २०० डॉलर फिरले आणि सरासरी साडेदहा डॉलर गेले, एक शून्य असेल तर साधारण साडेपाच. म्हणजे नुसत्या आकड्यांत रुलेट बिंगोच्या निम्म्याहून स्वस्त पडतं. पण मी आईला तिकडे कधीच नेणार नाही. बिंगोत जाताना २५ द्यायचे ठरवले की २५ च जातात, त्याच्यावर एक पैसा नाही. रुलेटवर हरलेले परत मिळवायला म्हणून हात आपोआप पुढे जातो, आणि जहाजावर तर खोलीचं कार्ड टॅप केलं की झालं, पैसे गेले हे शेवटच्या दिवशी बिल हातात पडेपर्यंत जाणवतही नाही. बिंगोतही एक फट आहे, दोन गेमच्या मध्ये ओढून उघडायची, बक्षीस लागलंय का ते लगेच कळणारी तिकिटं विकत फिरतात, ती घेऊ नका, तिथे ठरवलेले २५ कधी ४० होतात कळत नाही.

फुकटातली ट्रिव्हिया, म्हणजे सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरं, मात्र बिंगोला खरी टक्कर देते. बहुतेक जहाजांवर दिवसातून दोन-तीनदा असते, कित्येकदा त्याच लाउंजमध्ये, पैसे शून्य, बक्षीस म्हणजे पेन किंवा कीचेन. टीम करावी लागते त्यामुळे अनोळखी लोकांशी ओळखी होतात, बिंगोत तसं होत नाही, तिथे प्रत्येकजण आपापल्या कार्डात डोकं घालून. तुमच्या बरोबरच्यांना इंग्रजी प्रश्नोत्तरं जमत असतील तर मी डोळे मिटून ट्रिव्हिया म्हणेन. पण माझ्या आईसारखी व्यक्ती असेल, जिला इंग्रजी भराभर समजत नाही पण आकडे चटकन ऐकू येतात, तिला ट्रिव्हियात नुसतं बसून राहावं लागतं आणि बिंगोत ती सगळ्यांच्या बरोबरीने खेळते. हॉलमधल्या पडद्यावर नंबर दिसतोही, त्यामुळे उच्चार नाही कळला तरी अडत नाही. माझ्यासाठी बिंगोच्या बाजूने सगळ्यात मोठा मुद्दा हाच आहे आणि तो कुठल्याही हिशोबात बसत नाही.

आता जे आमच्या बाबतीत झालं ते सांगते, कारण ते टाळता आलं असतं. दुसऱ्या सेशनला जी ५२ आला आणि आईची ओळ पूर्ण झाली. तिने माझ्याकडे कार्ड सरकवलं, "बघ गं, झालं ना?" मी एकेक नंबर पडद्यावरच्या बोर्डाशी जुळवत बसले, चारही बरोबर, मान वर केली तोवर ओ ७१ पुकारला गेला होता. आम्ही ओरडलो, तर त्यांनी नम्रपणे सांगितलं की पुढचा नंबर पुकारायच्या आत बिंगो म्हणायला हवं होतं. नियम त्यांनी सुरुवातीलाच सांगितला होता, भराभर इंग्रजीत, आमच्या लक्षात आला नाही. आईने डॉबरचं टोपण लावलं आणि ते कार्ड घडी करून पर्समध्ये ठेवलं, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी नेहमीपेक्षा जरा जास्तच गोड बोलत राहिली, मला वाईट वाटू नये म्हणून. तेव्हा तुम्ही जाल तर आधी ओरडा, तपासायचं काम त्यांचं आहे, ते कार्ड हातात घेऊन नंबर वाचूनच पैसे देतात. आणि पुढच्या रांगांत बसा म्हणजे आवाज पोचतो. दोघांनी एकदम बिंगो म्हटलं तर बक्षीस वाटलं जातं, हेही आधीच माहीत असू दे.

फ्री क्रूझ बक्षीस आहे असं सांगतात तेव्हा अटींचा कागद मागून वाचा, बंदराचे कर, फी, विमानाचं भाडं बऱ्याचदा आपल्यालाच भरावं लागतं आणि तारखाही त्यांच्या सोयीच्या असतात, त्यामुळे रोख बक्षिसाच्या बरोबरीने ते मोजू नका. लहान मुलं बरोबर असतील तर ती शेजारी बसू शकतात पण कार्ड मोठ्यांच्याच नावावर, वयाची अट १८ किंवा काही जहाजांवर २१. पूर्ण सेशनला तास-सव्वा तास जातो, त्यातला बराच वेळ कार्डविक्री आणि गाणी-घोषणा, त्यामुळे त्याच वेळी डेकवर तुम्हाला आवडणारं काही असेल तर ते आधी बघा.

आम्ही पुढच्या वर्षी परत जातोय. आईने आत्ताच विचारून ठेवलंय की बिंगो खेळायचा ना. शेवटच्या दिवशी, तीन कागदी कार्डं तिला, तीन मला, पहिल्या रांगेत, आणि ओरडायचं काम या वेळी तिचं.